जोनास, हस्केल आणि टेकवलेली बॅट

जनार्दन राऊत सरांनी आयुष्यात दोन कामं मनापासून केली. आठवडाभर रेवदंड्याच्या शाळेत पोरांकडून कवायत करून घेतली आणि रविवारी तालुक्यातल्या क्रिकेट सामन्यांत अंपायर म्हणून उभे राहिले. त्यांचं बोट एकदा वर गेलं की गेलं. फलंदाज सरपंचाचा मुलगा असो, कप्तान हातापाया पडो, प्रेक्षकांतून करवंट्या येवोत, सरांनी दिलेला निर्णय कधी फिरवला नाही. एकदा सख्ख्या मेहुण्याला पहिल्याच चेंडूवर पायचीत दिलं, तर त्या दिवाळीत सासुरवाडीच्या ताटात त्यांना चकली वाढली गेली नाही. सर चकलीशिवाय फराळ करून उठले, पण आपलं चुकलं असं म्हणाले नाहीत.

अशा या खमक्या माणसाची मात्रा चालेना ती एका अकरा वर्षांच्या मुलीपुढे. तिचं नाव इरा. सरांच्या मुलाची, शिरीषची, एकुलती एक लेक. ओमानमध्ये जन्मलेली, मस्कतजवळच्या सीबमध्ये वाढलेली. दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल यायचा आणि स्क्रीनवर इराचं अर्धं कपाळ दिसायचं.

"हाय आबा. जेवलात?"

"जेवलो. तू जेवलीस?"

"हो. बाबांना देते हं."

खलास. सर आठवडाभर मनात जमवून ठेवायचे, तिला हे सांगू, ते सांगू. मांजरीला पिल्लं झाली, शेजारच्या बबनने स्कूटर विहिरीजवळच्या चिखलात घातली. पण कपाळ निघून जायचं आणि जागी शिरीषचा थकलेला चेहरा यायचा. बायको गेल्यापासून सरांना बोलायला फारसं कुणी उरलं नव्हतं. मांजरीला पिल्लांची बातमी सांगण्यात काही अर्थ नव्हता.

म्हणून नोव्हेंबरात सुनेनं, किशोरीनं, "आबा, थंडीचे दोन महिने इकडे या" म्हटलं, तेव्हा सरांनी एकच गोष्ट मनाशी पक्की केली. या खेपेला पोरीशी बोलायचं. जेवलीस-झोपलीस नव्हे, बोलायचं.

सीबला आल्यावर कळलं की समोरासमोरही कपाळच दिसतं. इरा वाईट मुलगी नव्हती, उलट फार सभ्य होती. आबांना पाणी आणून द्यायची, खुर्ची सरकवायची, "थँक्यू आबा," "सॉरी आबा" म्हणायची. तिची मराठी कामापुरती. सरांची इंग्रजी वाइड, नो बॉल आणि लेग बाय इथपर्यंत. दोघं दिवाणखान्यात समोरासमोर बसायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे. दवाखान्यात नंबर लावून बसलेली अनोळखी माणसंसुद्धा याहून जास्त बोलतात. त्या सभ्यपणानं सरांना कधी कधी अगदी रडू यायचं.

मग संक्रांत जवळ आली.

सीबच्या मराठी मंडळाचा संक्रांतीला मेळावा असतो. त्यात मुलांची एकपात्री स्पर्धा. एखादी थोर व्यक्ती व्हायचं आणि पाच मिनिटं मराठीत बोलायचं.

"जिजामाता कर," किशोरी म्हणाली. "नऊवारी घरात आहे."

"मॉम, लास्ट इयर चार जिजामाता होत्या. दोघी भांडल्या बॅकस्टेजला. मी जोनास करणार."

"कोण जोनास?"

"जोनास एडेलमान. बेसबॉल प्लेअर. खूप जुना, दीडशे वर्षं. लेफ्टी होता, माझ्यासारखा. पैसे घेऊन खेळणारे जे फर्स्ट लोक होते ना, त्यातला एक. आणि ज्यू होता."

इरा संध्याकाळी सॉफ्टबॉल खेळायला जायची. जोसी मिस नावाची एक फिलिपिनो नर्स ड्यूटी संपली की मुलींना शिकवायची. तिनं प्रत्येकीला एक जुना खेळाडू वाचायला दिला होता. इराच्या वाट्याला हा डावखुरा आला होता आणि तिनं त्याला घरचाच मानला होता.

किशोरीनं कपाळाला हात लावला. "अगं, मंडळात सगळे टिळक आणि सावित्रीबाई, आणि आपण हा कोण कुठला..."

"नियमात मराठीत बोलायचं असं आहे. माणूस मराठी पाहिजे असं नाही," शिरीष म्हणाला. त्याला वाद मिटवून क्रिकेट बघायचं होतं.

कोपऱ्यात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेल्या सरांचे हात मात्र थांबले होते.

"ज्यू म्हणजे," ते म्हणाले, "आपले शनवार तेली?"

इरानं मान वळवली. सर आल्यापासून पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे पुरतं वळून पाहिलं.

"तुम्ही ज्यू लोकांना ओळखता?"

"ओळखता? अगं, आमच्या घरापासून दोन घरं सोडून हस्केल राहायचा. हस्केल चेऊलकर. त्यांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बंद. बैल पण सुट्टीवर. म्हणून शनवार तेली. मराठी बोलायचे, आमच्यासारखेच नारळाच्या रसातलं कालवण खायचे. आणि हस्केल तर काय डावखुरी फिरकी टाकायचा! चेंडू असा वळायचा की उभा राहिलेला माणूस वळून बघायचा."

"वेट, वेट." इरानं टॅबलेट उघडला. "मग हे सांगा. जोनास एक दिवस खेळला नाही. सीझनची सगळ्यात मोठी मॅच. टीम चिडली, लोक ओरडले, मॅनेजर बोलला पैसे कापणार. पण त्या दिवशी त्यांचा फास्ट असतो, घरात बसायचं असतं..."

"दरफालनी!" सर ओरडले. शेंगांची टरफलं गालिच्यावर सांडली. "दरफालनीचा सण! दार लावून आत बसायचं. कडक उपास. बाहेरच्याशी बोलायचं नाही, दार उघडायचं नाही. आम्ही पोरं दाराशी उभं राहून हाका मारायचो, हस्केल, अरे बोलिंगला ये रे! आतून चकार शब्द नाही. आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी तोच नवे कपडे घालून सगळ्यांच्या घरी भेटायला यायचा. जणू काही झालंच नाही."

"शिळा सण," इरा म्हणाली. तिनं तो शब्द तोंडात फिरवून बघितला. "कूल."

त्या संध्याकाळपासून तयारी सुरू झाली. इरा टॅबलेटवर वाचून जोडतोड करत सांगायची आणि सर ते मराठीत घडवायचे. जोनासचा बाप गावोगाव हॅट विकायचा. पुढे त्यानं दुकान टाकलं आणि मुलानं गल्ल्यावर बसावं अशी त्याची फार इच्छा होती. मुलगा मात्र मागच्या परसात हॅटचे खोके रचून त्यांवर चेंडू मारायचा. एके दिवशी एका क्लबचा माणूस दुकानात आला, हॅट बघायला म्हणून. जाताना हॅट विसरला आणि मुलाला घेऊन गेला. आठवड्याला ठरावीक पगार, फक्त खेळायचा! बापाला वाटलं पोरानं कुठं तरी दरोडा घातलाय.

"त्या काळी पैसे घेऊन खेळणं म्हणजे तमाशात नाचणं," सरांनी समजावून सांगितलं. "लग्नाच्या बाजारात मुलगी कोण देणार अशाला?"

"आबा, हे वेबसाइटवर नाहीये."

"नसेना. बाप म्हणालाच असणार."

सरांच्या तोंडून हळूहळू जोनास रेवदंड्याचा होत गेला. त्याच्या आईनं त्याला सामन्याला जाताना शेवेची पुरचुंडी दिली. प्रेक्षक त्याच्या नाकावरून चिडवायचे, तेव्हा तो शांतपणे पायानं माती सारखी करायचा, जसा हस्केल करायचा. दरफालनीच्या दुसऱ्या दिवशी तो मैदानात आला तेव्हा सगळे त्याच्यावर ओरडले, आणि त्यानं पहिलाच चेंडू दारूच्या भट्टीच्या आवारात भिरकावला. ते मात्र वेबसाइटवर होतं. पुढे त्यानं तीन क्लब बदलले, गुडघा गेला, आणि शेवटी बापाच्याच दुकानात हॅट विकत बसला. हॅट घ्यायला आलेल्या पोरांना खोक्यांवर चेंडू कसा मारायचा ते दाखवायचा. दुकान त्यामुळे फारसं चाललं नाही.

इरानं भाषण रोमन लिपीत लिहून घेतलं आणि घोकायला लागली. घडाघडा. एक मात्रा चुकायची नाही. किशोरी खूश झाली. सर ऐकत बसायचे आणि चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की ते खूश नाहीत. पोरीच्या तोंडून येत होती ती त्यांचीच मराठी. त्यांनी दिलेलं परत येत होतं, तिचं असं त्यात काही नव्हतं. भाषण संपलं की इरा म्हणायची, "ओके आबा, थँक्यू," आणि खोलीत जायची.

सरांना एक फोन आठवत असे. हस्केल पंधरा वर्षांचा असताना चेऊलकरांचं घर बोटीनं इस्रायलला गेलं. पुष्कळ वर्षांनी एकदा त्यानं कुठून तरी नंबर मिळवून फोन केला. "जन्या, मी हस्केल!" दोघं हसले, ओरडले, चेंडू, घाणा, मास्तर, सगळं निघालं. मग बोलता बोलता हस्केल अडखळला. "अरे, ते... कसं म्हणतात रे त्याला... आपण खायचो ते..." त्याला शब्द सापडेना. सरांनी पाच-सहा शब्द सुचवले. त्यातला एकही नव्हता. फोनवर दोघंही गप्प झाले. नंतर पुन्हा फोन आला नाही. आपण करायला हवा होता, पण तो पुन्हा अडखळेल या भीतीनं सरांनी केला नाही. इराचं कपाळ स्क्रीनवरून गेलं की त्यांना तीच शांतता ऐकू यायची.

असो. भाषणात एक धाव होती. जोनास चेंडू मारतो आणि पळतो. इरा ते कॉरिडॉरमध्ये करून दाखवत होती. तिनं डाव्या हातानं बॅट फिरवली, आणि पळताना ती दिली टाकून. बॅट फरशीवर दणदणत गेली.

सर ताडकन उठले. "बॅट टाकतात होय?"

"बेसबॉलमध्ये..."

"कुठल्याही बॉलमध्ये! आम्ही खंडेनवमीला बॅट, स्टंप, ग्लोव्ह्ज मांडून झेंडू वाहायचो. ज्यावर पोट... म्हणजे ज्यावर खेळ चालतो ती वस्तू अशी भिरकावायची? उचल. नमस्कार कर तिला."

इरानं बॅट उचलली, कपाळाला लावली. "सॉरी."

"आता पळ. बॅट हातात घट्ट. आणि रेषेशी आलीस की लांब करून टेकव. शरीर मागे राहिलं तरी चालेल, बॅट आत पाहिजे. माझ्या हाताखाली धावबाद झालेले निम्मे लोक बॅट न टेकवल्यामुळे गेलेत. हं, टेकव!"

आबांना नाही कसं म्हणायचं हे इराला मराठीत येत नव्हतं. म्हणून ती पळली. कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, रोज संध्याकाळी, आणि दर खेपेला चपलांच्या स्टँडजवळ वाकून बॅट टेकवायची. "शाब्बास!" सर म्हणायचे. खालच्या मजल्यावरचे उजैरभाई एकदा वर येऊन विचारून गेले की घरात फरशीचं काम काढलंय का.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, इराचा सॉफ्टबॉलचा अंतिम सामना होता. सगळं घर गेलं. खजुराच्या बागेपलीकडचं मातीचं मैदान, तारेचं कुंपण, बाहेर गाडीवर चहा आणि पराठे. सरांनी अंपायरची पांढरी टोपी घातली होती. खेळातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. त्यांच्या मते हे शिष्टाचार काढून घेतलेलं क्रिकेट होतं. पण जोसी मिस ओरडली की तेही ओरडत होते.

शेवटी अशी वेळ आली की इराच्या संघाला जिंकायला एकच धाव हवी होती, बरोबरी झाली तर चषक समोरच्या संघाचा, आणि एकच मुलगी आउट व्हायची उरली होती. तिसऱ्या बेसवर त्यांची एक पोर धावत घरी यायला टपून उभी. मारायला आली इरा. शिरीषनं सरांना सांगितलं, "आबा, ही पहिल्या बेसला पोचली की जिंकलो."

चेंडू आला. इरानं डावीकडून असा सणसणीत हाणला की सरांच्या तोंडून "वा!" निघालं. ती पळत सुटली. बॅट टाकायला हात सैल झाला होता, हे सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आणि तेवढ्यात कुंपणाला लटकून तेच सर्व शक्तीनिशी ओरडले, "बॅट! बॅट घट्ट धर! टेकव, इरा, टेकव!"

तेवढ्या गलक्यात, तिथल्या पाच-सहा भाषांत, तो एकच आवाज तिच्या सवयीचा होता. हात घट्ट झाला. इरा बेसजवळ आली, वाकली, बॅट लांब केली आणि अगदी देखणी, शाळेच्या पुस्तकात छापावी अशी बेसवर टेकवली. टेकवून थांबली. पाय हातभर मागे. समोरच्या मुलीनं बेसवर पाय ठेवून चेंडू झेलला. अंपायरनं मूठ हवेत मारली.

आउट. सामना गेला.

खरं तर एवढ्यावर भागलं असतं. पण सर कुंपणाच्या फाटकातून आत शिरले. "अहो, बॅट आत होती! सर, माय आय सॉ! बॅट इन! क्रीज के अंदर था ना भाई!" अंपायर बिचारा जोसी मिसचा नवरा. त्यानं हात जोडले. जोसी मिसनं हात जोडले. शिरीषनं सरांना कोपराला धरून बाहेर आणलं. समोरच्या संघाच्या मुली पोट धरून हसत होत्या, आणि वाईट म्हणजे इराच्या संघातल्याही दोघी हसत होत्या.

गाडीत सर म्हणाले, "माझ्या मते तू आउट नव्हतीस."

"इट्स ओके, आबा," इरा म्हणाली. ओठ घट्ट मिटलेले. घरी आल्यावर ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. सर दाराबाहेर उभे राहिले. "इरा, थालीपीठ केलंय." आतून काही नाही. "इरा, अगं जोनास पण कधी तरी आउट झालाच असेल." काही नाही. एकदा त्यांना वाटलं आत कुजबूज चालली आहे, पण ती थांबली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस एका बंद दारासमोर उभा होता, आणि लहानपणी हस्केलच्या दाराशी निदान हाका मारायला सोबत चार पोरं तरी होती, असा एक खुळा विचार त्यांच्या मनात आला.

"तिला उद्याचं करायचं नाहीये," किशोरीनं रात्रीच्या जेवणाला हळूच सांगितलं. "मी म्हटलं, नाव दिलंय, ये तर खरी."

सरांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात त्यांचं परतीचं विमान होतं. दोन महिने गेले, बोलणं राहिलंच, आणि आता तर तिच्याकडे न बोलायला कारणही होतं. तेही त्यांनीच दिलेलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा हॉल भरला. स्टेजवर मागे सोनेरी कागदाची अक्षरं, "गोड गोड बोला". हळदीकुंकू, तिळाच्या वड्या, काळ्या साड्या, आणि या वर्षी तीन जिजामाता. मंडळाच्या सेक्रेटरी सोनलताई घंटी घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पाच मिनिटं झाली की घंटी. त्याच परीक्षक.

इराचं नाव पुकारलं. ती आली. टोपी, संघाचा शर्ट, हातात बॅट. सर दुसऱ्या रांगेत अंग चोरून बसले होते.

"नमस्कार. मी जोनास एडेलमान. माझे वडील गावोगावी हॅट विकत असत." घडाघडा. मात्रा चुकत नव्हती. हॅटचे खोके झाले, पगार झाला, आईची शेव झाली. "आणि मग तो दिवस उजाडला. दरफालनीचा सण. मी दार लावून घेतले. बाहेर सगळे मला हाका मारत होते..."

इरा थांबली.

हॉलमध्ये कुणी तरी खोकलं. सर पुटपुटायला लागले. ओठ हलवत, हातानं खूण करत. 'परंतु मी... परंतु मी...'

इरानं त्यांच्याकडे पाहिलं.

"आबा, तुम्ही प्रॉम्प्ट नका करू."

हॉल हसला. सरांचे ओठ मिटले.

"तुम्ही ओरडला म्हणून मी काल आउट झाली. माहितीये ना? मी सोडत होती बॅट! हात उघडला होता! आणि तुम्ही, टेकव, टेकव!" तिनं त्यांची इतकी हुबेहूब नक्कल केली की मागच्या रांगा उठून बसल्या. "कोण सांगितलं तुम्हाला मॅचमध्ये ओरडायला?"

सोनलताईंनी हातात घंटी घेतली, पण वाजवायची विसरल्या. आणि सर? गप्प बसायचं सोडून सर उभे राहिले. पन्नास वर्षांची सवय.

"बॅट आत टेकली होती," ते म्हणाले.

"बॅट टेकून काय होतं? बॅट चालत नाही, आबा! पाय पाहिजे! हे तुमचं क्रिकेट नाही. तुमच्यात काठी लांब करून चालतं. इथे आपला आपण पोचायचं असतं, पूर्ण! मी बॅटला रोज नमस्कार करते, काल पण केला, विचारा मॉमला. पण मारलं ना की तिचं काम खलास! मग सोडायची! आणि तुम्ही त्या अंपायर अंकलला पण ओरडला. ते बिचारे आहेत. त्यांना हिंदी पण नाही येत!"

"अगं पण मला..."

"मी बोलते आहे!" इरानं पाय आपटला. 'गोड गोड बोला'चं एक अक्षर मागे लोंबायला लागलं. "आणि मी दार लावलं तर तुम्ही बाहेर उभे होते. खूप वेळ. मला दिसत होते तुमचे पाय, दाराच्या खालून. मला बाहेर यायचं होतं. पण मला मराठीत रागवायला येत नव्हतं! इंग्लिशमध्ये रागवली असती तर तुम्हाला कळलं नसतं, तुम्ही नुसते हसले असते. म्हणून मी आत बसली. वर्ड्स जमवत होती. आरशात प्रॅक्टिस केली. आणि ते भाषण पण तुमचंच सगळं आहे. त्यात माझं काही नाही. जोनासच्या आईनं शेव दिलीच नव्हती!"

ती दमून थांबली. श्वास वरखाली होत होता, टोपी तिरकी झाली होती. किशोरीनं तोंडावर पदर घेतला होता.

सर उभेच होते. एवढ्या लोकांसमोर असं कुणी त्यांना कधी बोललं नव्हतं. सरपंच नाही, मेहुणा नाही. लाज वाटायला हवी होती, पण सरांना भलताच आनंद झाला होता. पोरगी बोलत होती. चुकत, ठेचकाळत, वाटेल तशी क्रियापदं वळवत, पण शब्द न् शब्द तिचा होता. आणि तो सगळा त्यांच्यासाठी जमवलेला.

त्यांनी उजवा हात हळूहळू वर नेला आणि बोट उंच केलं.

"आउट," ते म्हणाले.

इराचा चेहरा पडला. "परत मी?"

"नाही गं. मी. जनार्दन राऊत, आउट. निर्णय बदलला."

मग जो गलका झाला त्यात सोनलताईंना घंटीची आठवण झाली. त्यांनी ती जोरजोरात वाजवली, पण फार उशीर झाला होता. वेळेची मर्यादा ओलांडली, विषय सोडला, आणि प्रेक्षकांशी वाद घातला, अशा तीन कारणांनी इरा बाद झाली. पहिलं बक्षीस दुसऱ्या जिजामातेला गेलं. ती चांगली बोलली होती, नाही असं नाही.

परतीच्या वाटेवर इरा सीटवर वळून बसली होती आणि डावखुऱ्या माणसाला पहिला बेस कसा दोन पावलं जवळ पडतो ते आबांना सांगत होती. सरांना अर्धं कळत होतं. "आबा, ऐकताय ना?" "ऐकतोय, ऐकतोय." मधेच तिनं विचारलं, "तुमचा फ्रेंड कुठला वर्ड विसरला होता? आपण खायचो ते, असं?" सरांनी हस्केलचं तिला कधी तरी सांगितलं होतं, तिनं लक्षात ठेवलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं. "ते मला अजून माहीत नाही," सर म्हणाले. "मग विचारा ना फोन करून," ती म्हणाली, जणू ही जगातली सोपी गोष्ट होती.

सर रेवदंड्याला परतले. पुढच्या शुक्रवारी फोन वाजला. स्क्रीनवर पूर्ण चेहरा होता. कपाळ, नाक, रागावलेल्या भुवया, सगळं.

"जेवलीस?" सरांनी विचारलं.

"ते नंतर," इरा म्हणाली. "आधी मला भांडायचं आहे."

सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि नीट टेकून बसले.